एका क्रियापदाचा भविष्यकाळ

व्याकरणाच्या तासाला वर्गांत जांभया येतात, आणि क्रियापदें चालविण्याच्या दिवशीं त्या जरा अधिक लांब येतात, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. 'मी बोलेन, तूं बोलशील, तो बोलेल' असा घोष चाललेला असतो आणि डोळे मात्र खिडकीबाहेरच्या आंब्यावर खिळलेले असतात. याबद्दल मुलांना फारसा दोष द्यावा असें मला वाटत नाहीं. कोष्टकांत मांडलेलें क्रियापद खुंटीला टांगलेल्या कोटासारखें असतें. कोणी तो कोट अंगांत घालून थंडीवाऱ्यांत बाहेर पडल्याशिवाय त्याची ऊब कळत नाहीं. आमच्या घरीं एका परकीय क्रियापदाची अशी ऊब कित्येक महिने उपयोगीं पडली. भाषा स्पॅनिश, काळ भविष्य, आणि क्रियापद 'बोल्बेर', म्हणजे परतणें. त्याची हकीकत या अंकाच्या बालवाचकांस, आणि त्यांच्या खांद्यावरून वाचणाऱ्या पालकांस, सांगावी असें योजिलें आहे.

माझा धाकटा भाऊ बोटीवर फिटर आहे. आमच्या रत्नागिरीकडे 'बोटीवर आहे' एवढें सांगितलें म्हणजे पुढचें कोणी विचारीत नाहीं. विचारतात तें इतकेंच, 'उतरणार कधीं?' डिसेंबर २०१९ मध्यें तो नऊ महिन्यांच्या करारावर एका मालवाहू जहाजावर चढला, तेव्हां या प्रश्नाचें उत्तर 'सप्टेंबर' असें होतें. मार्च २०२० मध्यें कोविडच्या सांथीनें देशोदेशींचे दरवाजे धडाधड लागले. पेरू देशानें १६ मार्चला आपल्या सीमा बंद केल्या. आपल्याकडे २३ मार्चपासून परदेशचीं नेहमींचीं विमानें थांबलीं. जहाजें मात्र थांबलीं नाहींत, कारण धान्य, तेल आणि धातु यांवांचून जगाचें फार दिवस चाललें नसतें. तेव्हां बंदराबंदरांतून असा विचित्र न्याय सुरू झाला कीं, माल उतरे, पण माणूस उतरूं शकत नसे. खलाशाला बारा महिने भरण्यापूर्वीं घरीं परतण्याचा हक्क आहे, असें २००६ सालचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार सांगतो. परंतु मुदत संपूनहि जहाजांवरच राहिलेल्या खलाशांची संख्या २०२० च्या अखेरीस सुमारें चार लक्ष असल्याचें आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें सांगितलें. त्या चार लक्षांत एक आमचा.

सप्टेंबर उजाडला तेव्हां त्याचें जहाज पेरूच्या काय्याओ बंदराबाहेर नांगर टाकून उभें होतें. किनारा दिसत होता, रात्रीं दिवे मोजतां येत होते, आणि फोनला रेंज मिळत होती. याहून अधिक जमिनीशीं संबंध नव्हता. जहाजावरील स्वयंपाकी (आमच्याकडील जुने खलाशी त्याला 'भंडारी' म्हणत) कोलंबिया देशाचा होता. त्याचीहि मुदत संपून गेली होती. काम आटोपल्यावर दोघे जेवणघरामागें बसत. भावानें त्याला मोहरी-हिंगाची फोडणी शिकविली आणि त्यानें भावाला स्पॅनिश. एके दिवशीं फोनवर एका वहीच्या पानाचें छायाचित्र आलें. वर लिहिलें होतें 'परतणें, भविष्यकाळ', आणि खालीं देवनागरी अक्षरांत पांच ओळी होत्या: बोल्बेरे, बोल्बेरास, बोल्बेरा, बोल्बेरेमोस, बोल्बेरान. सोबत प्रश्न होता: 'दादा, तूं संस्कृत शिकवतोस. यांत कांहीं ओळखीचें दिसतें का?'

शाळा त्या वेळीं बंद होती आणि मी फोनच्या चौकटींत बसून रामशब्द शिकवीत होतों. पुण्यास अप्पा बळवंत चौकांत फार वर्षांपूर्वीं घेतलेलें एक जुनें स्पॅनिश व्याकरण कपाटाच्या तळाशीं होतें, तें काढलें. त्यांत याच काळाचीं सहा रूपें निघालीं. तीन पुरुष आणि दोन वचनें म्हटलीं म्हणजे सहा रूपें व्हावयासच हवींत. मग भावाच्या वहींत पांच कां? गळलेलें रूप होतें 'बोल्बेरेइस', म्हणजे 'तुम्ही परताल'. चौकशीअंतीं समजलें कीं, भंडारी विसरला नव्हता. त्याच्या मुलखांत तें रूप कोणी वापरीतच नाहीं. स्पेन देशांत चार मित्रांना उद्देशून बोलतांना 'बोसोत्रोस' हें सर्वनाम आणि हें रूप योजतात. अमेरिका खंडांतील स्पॅनिश बोलणारे लोक त्याच ठिकाणीं 'उस्तेदेस' म्हणतात आणि क्रियापद तिसऱ्या पुरुषाचें लावतात. त्याचें एकवचन 'उस्तेद'. हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' या मानाच्या संबोधनाचा झिजून झालेला आहे. समोरच्या मनुष्याला कृपा म्हटल्यावर 'कृपा परतेल का?' असेंच विचारावें लागणार! आपल्याकडेहि समोर उभ्या असलेल्या थोर माणसाला 'सरकार उद्यां येतील का?' असें विचारीत, तें याच रीतीनें. आदर दाखवावयाचा म्हणजे समोरच्याला थोडें दूर उभें करावयाचें, हें स्पेनच्या दरबारालाहि ठाऊक होतें आणि आपल्या वाड्यांनाहि.

आतां प्रत्यक्ष नियमाकडे वळूं. तो इतका थोडका आहे कीं, आमच्या आठवीच्या मुलांनीं ऐकला तर त्यांना संस्कृतच्या लकारांचा राग येईल. स्पॅनिश क्रियापदांचीं मूळ रूपें 'आर', 'एर' किंवा 'इर' या तीन अक्षरांपैकीं एकांत संपतात. 'आब्लार' बोलणें, 'कोमेर' खाणें, 'बिबिर' जगणें. वर्तमानकाळांत या तीन घराण्यांचे प्रत्यय निराळे. भविष्यकाळांत मात्र घराणें कोणतेंहि असो, मूळ रूप जसेंच्या तसें ठेवावयाचें, त्याचें कांहींहि तोडावयाचें नाहीं, आणि पुढें ए, आस, आ, एमोस, एइस, आन हे सहा तुकडे जोडावयाचे. आब्लारे, मी बोलेन; कोमेरे, मी खाईन; बिबिरे, मी जगेन. झालें. बाकी व्याकरण कापून जोडणाऱ्या शिंप्यासारखें असतें. या काळांत तें नुसतें ठिगळ लावतें.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते, ती म्हणजे आघात. 'एमोस' सोडून इतर पांचहि रूपांत आघात शेवटच्या स्वरावर पडतो, आणि लिहितांना त्या स्वराच्या डोक्यावर एक तिरपी रेघ देतात. स्वरांत, किंवा न अथवा स या अक्षरांत संपणाऱ्या शब्दाचा आघात एरवीं उपांत्य अक्षरावर असावयाचा, हा त्या भाषेचा सामान्य नियम. तो मोडला कीं रेघ द्यावी लागते. 'बोल्बेरेमोस' मध्यें आघात उपांत्य 'रे' वरच आहे, म्हणून तेथें रेघेची गरज नाहीं. ही रेघ शोभेची नव्हे. 'आब्लारा' मध्यें शेवटीं जोर दिला तर अर्थ होतो 'तो बोलेल'; तोच जोर मधल्या अक्षरावर आणला तर 'तो बोलता तर...' असा संकेतार्थ होतो. एका अक्षराची सरक, आणि वचन दिलेला मनुष्य हळहळ करूं लागतो. भंडारी हा जोर चुकूं देत नसे. भाऊ सांगे कीं, प्रत्येक रूपाच्या शेवटीं तो डावानें मेजावर ठोका देई.

'बोल्बेर' हें क्रियापद भावानें सहज निवडलें होतें, कां तें सांगावयास नको. परंतु त्या निवडींत व्याकरणाचीहि एक मौज निघाली. वर्तमानकाळांत हें क्रियापद सरळ चालत नाहीं. 'मी परततों' याला 'बोल्बो' होत नाहीं, 'बुएल्बो' होतें. बुएल्बो, बुएल्बेस, बुएल्बे, बुएल्बेन या चार रूपांत धातूमधला 'ओ' फुटून 'उए' होतो. 'बोल्बेमोस' आणि 'बोल्बेइस' या दोहोंतच तो शाबूत राहतो. याचें कारण पुन्हां आघातच. वर्तमानकाळाच्या त्या चार रूपांत सगळा भार धातूवर पडतो, आणि त्या भाराखालीं जुना 'ओ' दुभंगतो. भविष्यकाळांत भार नेहमीं प्रत्ययावर. म्हणून धातूला ओरखडाहि उठत नाहीं, आणि वर्तमानांत अनियमित असलेलें क्रियापद भविष्यांत पूर्ण नियमित होतें. मीं हें भावाला कळविलें तेव्हां त्याचें उत्तर आलें, 'म्हणजे परतण्याला आज जड जातें, एरवीं तें सरळ आहे.' फिटरच्या हातीं व्याकरण गेलें म्हणजे असें होतें.

पण ते सहा तुकडे आले कोठून, हा प्रश्न मला स्वस्थ बसूं देईना. स्पॅनिश ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्यें भविष्यकाळाचीं रूपें अगदीं निराळीं होतीं: 'कान्ताबो' म्हणजे मी गाईन. हीं रूपें रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळांत लोकांच्या तोंडून नाहींशीं झालीं. विद्वान जीं कारणें देतात त्यांतील एक मोठें गमतीचें आहे. 'आमाबित' म्हणजे तो प्रेम करील, आणि 'आमावित' म्हणजे त्यानें प्रेम केलें. पुढें बोलण्यांत ब आणि व यांतील भेद बुजत गेला (स्पॅनिशमध्यें तो आजहि नाहीं, म्हणून तर 'व' लिहिलेलें हें क्रियापद आपण 'बोल्बेर' असें ऐकतों), आणि होणार कीं होऊन गेलें हेंच कळेनासें झालें! मग लोकांनीं नवी वाट काढली. 'कान्तारे हाबेओ' असें ते म्हणूं लागले. 'कान्तारे' म्हणजे गाणें ही क्रिया, आणि 'हाबेओ' म्हणजे माझ्यापाशीं आहे. 'गाणें माझ्यापाशीं आहे', म्हणजेच 'मला गावयाचें आहे'. शतकानुशतकें जिभेवर घोळून हे दोन शब्द एकजीव झाले आणि 'कान्तारे' हें नवें भविष्यरूप जन्मलें. स्पॅनिशमध्यें त्या 'असणें' क्रियापदाचीं वर्तमानरूपें आजहि ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन अशीं आहेत. वाचकानें तीं मघाच्या सहा तुकड्यांशेजारीं ठेवून पहावींत. 'आबेइस' तेवढें थोडें लांब आहे. त्याचें शेपूटच प्रत्यय म्हणून उरलें.

या नव्या रूपाचा सर्वांत जुना लेखी पुरावा सातव्या शतकांतील एका लॅटिन बखरींत सांपडतो. ती फ्रेडेगारच्या नांवानें ओळखली जाते. गोष्ट अशी कीं, जस्टिनियन बादशहानें इराणच्या राजाला जिंकून जवळ बसविलें आणि त्याच्याकडे प्रांत मागितले. राजा जुन्या लॅटिनमध्यें 'देणार नाहीं' म्हणाला. बादशहा उत्तरला, 'दारास', म्हणजे देशील! आणि म्हणून तेथें वसलेल्या नगराला दारा हें नांव पडलें. गोष्ट अर्थात् बनावट आहे. तें नगर जस्टिनियन गादीवर येण्यापूर्वींच बांधलेलें होतें. परंतु बखरकाराला शब्दाचा खेळ साधावयाचा असल्यामुळें त्यानें लोकांच्या तोंडचें रूप जसेंच्या तसें लिहून ठेवलें, आणि पंडितांच्या शेंकडों शुद्ध पृष्ठांनीं जें लपविलें तें एका कोटीनें उघड केलें. पुढें १४९२ सालीं सालामांका येथील आंतोनिओ दे नेब्रिहा यानें स्पॅनिश भाषेचें पहिलें छापील व्याकरण प्रसिद्ध केलें. त्याच ऑगस्ट महिन्यांत कोलंबसचीं जहाजें पालोस बंदरांतून निघालीं होतीं. नेब्रिहाच्याहि ध्यानांत आलें होतें कीं, आपला भविष्यकाळ हा मूळ रूप आणि 'असणें' यांचा जोड आहे. त्याच्या काळीं तो सांधा अजून सुटा होत असे. सर्वनाम मध्येंच शिरून बसे. पोर्तुगीज भाषेच्या लेखनांत हा प्रकार आजहि चालतो: 'मी तुला देईन' याला 'दार-ते-एइ'. 'देणें' एकीकडे, 'आहे' दुसरीकडे, आणि मध्यें 'तुला'. वेदांत उपसर्ग धातूला सोडून चार शब्द पलीकडे जाऊन बसतो, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं.

पोर्तुगीजचा विषय निघाला म्हणून आपल्या किनाऱ्यावरची एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. रायगड जिल्ह्यांत, रेवदंड्याच्या समोर, खाडीपलीकडे कोर्लई नांवाचें गांव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीजपासून बनलेली एक बोली अद्याप बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्यें तो मुलूख सोडून गेले, तरी ती राहिली. त्या बोलीनें हे सगळे प्रत्यय टाकून दिले आहेत. 'लोगो' म्हणजे 'लवकरच' या पोर्तुगीज शब्दाचा एक झिजलेला तुकडा क्रियापदाआधीं ठेवला कीं त्यांचा भविष्यकाळ होतो. 'लवकरच' एवढ्यावर ज्यांनीं सगळें भविष्य भागविलें, त्या लोकांच्या आशावादाचें मला कौतुक वाटतें.

भावाच्या प्रश्नाचें उत्तर आतां मला सांपडलें होतें. संस्कृतांत भविष्यकाळ दोन. 'आगमिष्यामि' हा एक, तो सर्वांना येतो. दुसरा लुट्, 'आगन्तास्मि'. परीक्षेपुरता पाठ करून विद्यार्थी तो विसरतात. फोडून पाहिला तर 'आगन्ता अस्मि', म्हणजे 'येणारा मी आहें'. एका नामाला 'असणें' चिकटवून केलेलें भविष्य. स्पॅनिशनें जें केलें त्याच जातीचें. आणि पाणिनीय परंपरा सांगते कीं, लुट् हा अनद्यतन भविष्यासाठीं, म्हणजे आज जें होणार नाहीं त्यासाठीं योजावा. मीं हें लिहून पाठविलें. दोन दिवस तिकडून कांहीं आलें नाहीं. मग एवढेंच आलें: 'आईला हा दुसरा सांगूं नकोस.'

आमची मराठीहि या बाबतींत मागें नाहीं. जुन्या मराठींत 'येई' म्हणजे येतो, 'बसे' म्हणजे बसतो, 'येती' म्हणजे येतात. त्यांच्यापुढें एक 'ल' बसविला कीं येईल, बसेल, येतील. आपल्या भविष्याच्या पोटांत जुना वर्तमानकाळ तसाच बसलेला आहे. नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. घरांतून बाहेर पडतांना तर आपण भविष्यकाळाच्या वाटेलाच जात नाहीं. 'जातों' म्हणणें अशुभ, आणि 'परत येईन' म्हणणें लांबलचक; म्हणून पाठ वळवतांना 'येतों' म्हणावयाचें. डिसेंबर २०१९ मध्यें उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतांना भावानें तेंच म्हटलें होतें, आणि आईनें 'ये' म्हणून उत्तर दिलें होतें.

सप्टेंबर संपला, ऑक्टोबर गेला. कंपनीकडून दर वेळीं 'पुढच्या बंदरांत पाहूं' असें उत्तर येई. इकडे आईचें वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्या वर्षीं गांवांत रोज कोणाचें तरी कांहीं तरी ऐकूं येई. ती उघड बोलत नसे. पण आपण त्याला पाहूं कीं नाहीं हा हिशेब तिच्या मनांत चाललेला असे, आणि तिकडे त्याच्याहि. दोघेहि तो एकमेकांना कळूं देत नसत. फोनवर 'कधीं येशील?' हें विचारणें तिनें बंद केलें, कारण त्यावर तो गप्प होई. तेव्हां भावानें तिला तो स्पॅनिश शब्द शिकविला. 'आई, मला असें विचार: बोल्बेरास? मी म्हणेन: बोल्बेरे.' तिला पहिलें जमलें नाहीं, दुसरें मात्र लगेच आवडलें. तिच्या कानाला तें 'बोल बरें' असें लागे. फोन लागला कीं ती म्हणे, 'बोल बरें!' आणि पलीकडून हंसत उत्तर येई, 'बोल्बेरे!' एकच शब्द. ती विचारीत होती आणि तो वचन देत होता.

भंडाऱ्याचें यावर एक मत होतें, तें सांगण्यासारखें आहे. रोजच्या बोलण्यांत त्याच्याकडे हा प्रत्ययांचा काळ फारसा वापरीत नाहींत. 'जाणें' या क्रियापदाचें वर्तमानरूप, 'आ' हें अव्यय आणि पुढें मूळ रूप, असें तीन शब्दांत ते भागवितात: 'बोय आ बोल्बेर', म्हणजे जवळजवळ 'परतावयास जातों आहें'. भाजी चिरीन, झोपेन, फोन करीन, या सगळ्यांना तेंच. 'बोल्बेरे' म्हटलें तर, त्याच्या मतें, मनुष्य शब्द देतो. भावानें विचारलें, 'मग मीं आईला कोणतें सांगावें?' तो म्हणाला, 'आईला? आईला दुसरें कोणतें सांगणार?' मूळच्या 'हाबेओ' शीं हें किती जुळतें तें पहावें. भविष्य जाणतों अशी त्या रूपाची बढाई नाहीं. परतणें माझ्यापाशीं आहे, माझ्याकडे येणें आहे, असें तें सांगतें. सावकाराच्या वहींत 'येणें' असतें, तशासारखें.

स्पॅनिश भविष्यकाळाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो पुस्तकांत शेवटच्या पृष्ठांवर, लहान अक्षरांत, उरकून टाकलेला होता. मला विचाराल तर तो पहिल्या पृष्ठावर हवा. 'सेरान लास त्रेस.' शब्दशः अर्थ 'तीन असतील'. खरा अर्थ 'तीन वाजले असतील', आतां, या घटकेला. घड्याळ जवळ नाहीं, म्हणून अंदाज. येथें भविष्यकाळाचा भविष्याशीं कांहीं संबंध नाहीं. जी गोष्ट आतांच आहे, पण आपल्या डोळ्यांसमोर नाहीं, तिच्यासाठीं हा काळ. 'आब्रा कोमिदो' म्हणजे 'तो जेवला असेल'. शब्दाला शब्द लावून पहा, 'असेल' आणि 'जेवला'. इंग्रजी शिकतांना आपल्या मुलांना हा अर्थ सांगावयास मोठी धडपड करावी लागते. स्पॅनिश मनुष्याला आपली रीत जन्मतः येते.

आणि ही रीत मी रोज संध्याकाळीं ऐकत होतों. साडेआठ वाजतां पानें वाढलीं कीं आई म्हणे, 'आतां तो जेवला असेल.' पेरूचें घड्याळ आपल्यामागें साडेदहा तास आहे. आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तेथें सकाळचे दहा. मीं एकदां तिला तसें सांगितलें. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'मग न्याहारी केली असेल.' दुसऱ्या दिवसापासून 'न्याहारी केली असेल' सुरू झालें. पुढें जहाज नांगर उचलून निघालें, समुद्रांत फोन लागेनासा झाला, आणि तें रोज पूर्वेकडे सरकूं लागलें तसा घड्याळाचा फरक कमी होत गेला. कोणत्या दिवशीं कोठें असेल याचा मी नकाशावर हिशेब करीं आणि तिला सांगें. ती त्याप्रमाणें न्याहारीचें जेवण करी, जेवणाची झोंप करी. आमच्या घरांतील सर्वांत अचूक व्याकरण त्या दिवसांत स्वयंपाकघरांतच होतें.

फेब्रुवारी २०२१ मध्यें युरोपांतील एका बंदरांत त्याला उतरूं दिलें. मुंबईंत सात दिवस अलग राहून तो घरीं आला. चढल्यापासून चौदा महिने झाले होते. आई दारांतच होती. काय बोलावें तें तिला सुचेना, म्हणून ती म्हणाली, 'बोल बरें.' त्याच्याकडे त्या वेळीं उत्तर नव्हतें. भविष्यकाळाचें काम संपलें होतें, आणि भूतकाळ त्याला अद्याप शिकविलेला नव्हता. भंडारीहि त्यानंतर दोन महिन्यांनीं घरीं पोहोंचला. त्याच्या घरीं आतां मोहरीची फोडणी होते असें त्यानें कळविलें आहे.

भाऊ पुढें पुन्हां बोटीवर गेला, आणि सध्यांहि आहे. वही सोबत असते. तो आतां त्या दहाबारा क्रियापदांशीं पोहोंचला आहे ज्यांचें मूळ रूप भविष्यकाळांत थोडें आकसतें. प्रत्यय तेच, ए आस आ; अंग मात्र निराळें. 'तेनेर' म्हणजे जवळ असणें. त्याचें 'तेनेरे' न होतां 'तेन्द्रे' होतें. 'सालिर' निघणें, त्याचें 'साल्द्रे'. काल रात्रीं त्याचा प्रश्न आला, 'दादा, हा द कोठून घुसला? मूळांत तर कोठें नाहीं.' मीं लिहिलें, मधला स्वर गळून न आणि र शेजारीं आले कीं जीभ एकावरून दुसऱ्यावर उडी मारतांना मध्यें द वर पाय देते. पुस्तकांत 'वानर' लिहितात आणि आपल्या वाडींत 'वांदर' म्हणतात, तो द हाच. आईला वाचून दाखविलें तर ती म्हणाली, वांदर बरोबर आहे, वानर रामायणांत. तेंहि त्याला कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तिकडे आतां पहांटेचे तीन वाजले असतील.